ग्रंथालयीन डेटाबेसमधील शोध : बीजशब्दांची निवड आणि सीमाभागातील अभ्यासक

संशोधनाच्या आराखड्यांत एक वाक्य हमखास आढळते : ‘प्रस्तुत विषयावर आजवर स्वतंत्र संशोधन झालेले नाही.’ मराठी विभागात आराखडे तपासताना मी हे वाक्य कितीतरी वेळा वाचले आहे. माझ्या स्वतःच्या प्रबंधातही ते होते. असे लिहिणारा विद्यार्थी खोटे बोलत नसतो. त्याने शोध घेतलेला असतो, पडद्यावर ‘एकही नोंद आढळली नाही’ असे उमटलेले असते आणि त्यावरून त्याने निष्कर्ष काढलेला असतो. चूक होते ती या निष्कर्षात. नोंद मिळाली नाही याचा अर्थ एवढाच की, आपण टाइप केलेला शब्द त्या यादीत नाही. त्या विषयावर कोणी लिहिलेच नाही, असे त्यावरून ठरत नाही.

हा फरक सर्वच अभ्यासकांसाठी महत्त्वाचा आहे. पण हुलसूर, बसवकल्याण, भालकी, औराद, आळंद या पट्ट्यात राहून मराठीचा अभ्यास करणाऱ्यांसाठी तो अधिकच महत्त्वाचा आहे. आपल्या भागाची राज्ये बदलली, जिल्हे बदलले, गावांची नावे बदलली. आपल्याविषयीचे लेखन मराठीत आहे तसे कन्नड, उर्दू आणि इंग्रजीतही आहे. ते ज्या ज्या ग्रंथालयात गेले तेथे त्या काळच्या नावाने आणि त्या ग्रंथालयाच्या भाषेत नोंदले गेले. त्यामुळे आज प्रचारात असलेले एकच नाव घेऊन शोधायला बसलो तर आपलाच भूभाग आपल्याला सापडत नाही. शोधासाठी बीजशब्द, म्हणजे की-वर्ड, कसे निवडावेत याचा विचार या लेखात सीमाभागातील उदाहरणांच्या आधारे केला आहे.

१. यंत्र काय वाचते?

चांगल्या संदर्भग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते. ‘बसवेश्वर : पृष्ठे १२, ४५, ११०’ अशी नोंद पाहून आपण थेट त्या पानावर जातो. ग्रंथालयाचा डेटाबेस साधारण याच रीतीने काम करतो. प्रत्येक नोंदीतले शब्द वेगळे काढून कोणता शब्द कोणत्या नोंदीत आहे याची एक प्रचंड सूची त्याने आधीच तयार केलेली असते. आपण शब्द टाइप केला की यंत्र ती सूची चाळते. विषय समजून घेण्याचे काम ते सहसा करत नाही, ते अक्षरे जुळवते. ‘प्रभाव’ म्हटले तर ‘प्रभाव’ असलेल्या नोंदी मिळतील. ‘परिणाम’, ‘संस्कार’ किंवा ‘भाषासंपर्क’ असलेल्या मिळणार नाहीत.

गुगलची सवय झालेल्या विद्यार्थ्याला येथे ठेच लागते. गुगल चुकीचे स्पेलिंग दुरुस्त करते, जवळचे शब्द सुचवते, पूर्ण प्रश्न लिहिला तरी काहीतरी समोर ठेवते. ग्रंथालयाची तालिका बहुधा इतकी सैल नसते. कोहा, सोल किंवा ई-ग्रंथालय यांसारख्या प्रणालींवर चालणाऱ्या महाविद्यालयीन तालिकेत तर मुख्यतः लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष आणि दोन-तीन विषयशब्द एवढीच माहिती असते. पुस्तकातील प्रकरणे तेथे बहुधा नोंदलेली नसतात. म्हणून शोधायला बसण्यापूर्वी स्वतःला विचारावे : ‘ही नोंद करणाऱ्याने कोणता शब्द वापरला असेल?’

२. विषयवाक्यातून बीजशब्द काढणे

हुलसूर परिसरातील एका विद्यार्थिनीने विषय निवडला होता : ‘हुलसूर परिसरातील मराठी बोलीवरील कन्नड भाषेचा प्रभाव : एक अभ्यास’. तिने हे संपूर्ण वाक्य शोधचौकटीत टाकले आणि एकही नोंद मिळाली नाही. मिळणारही नव्हती, कारण जुळण्यासाठी हुबेहूब तेच शीर्षक आधी कोणीतरी दिलेले असावे लागते.

अशा वेळी विषयवाक्य कागदावर लिहून त्यातील संकल्पना सुट्या कराव्यात. ‘परिसर’, ‘एक अभ्यास’, ‘चिकित्सक’, ‘विशेष संदर्भ’ हे शब्द शोधाच्या कामाचे नाहीत. ते बाजूला ठेवावेत. उरतात तीन संकल्पना : स्थळ, भाषा आणि भाषांमधला संबंध. प्रत्येक संकल्पनेखाली तिच्यासाठी वापरता येतील असे सर्व शब्द लिहावेत.

स्थळ : हुलसूर, बसवकल्याण, कल्याणी, बीदर, हैदराबाद कर्नाटक, सीमाभाग.

भाषा : मराठी, बोली, सीमावर्ती मराठी.

संबंध : प्रभाव, भाषासंपर्क, द्वैभाषिकता, उसनवारी, आदानप्रदान.

हे झाले मराठीतले शब्द. यांना समांतर अशी इंग्रजी शब्दांची यादी करावीच लागते. भाषाविज्ञानात ज्याला ‘लँग्वेज कॉन्टॅक्ट’, ‘बायलिंग्वलिझम’, ‘बॉरोइंग’, ‘कन्व्हर्जन्स’ म्हणतात ते शब्द या विद्यार्थिनीच्या यादीत नव्हते. त्यामुळे तिच्या विषयाच्या सर्वांत जवळचा प्रसिद्ध अभ्यास तिच्या हाती लागला नव्हता. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावी मराठी, कन्नड आणि उर्दू एकमेकींच्या सहवासात कशा बदलल्या हे तपासले. त्यांचा लेख १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या भाषासंपर्काच्या अभ्यासात आजही त्याचा दाखला दिला जातो. त्या लेखाच्या शीर्षकात ‘मराठी’ नाही, ‘कन्नड’ नाही, ‘महाराष्ट्र’ नाही, ‘प्रभाव’ या अर्थाचा शब्दही नाही. तेथे आहेत ‘कन्व्हर्जन्स’, ‘क्रिओलायझेशन’ आणि ‘इंडो-आर्यन’ व ‘द्रविडियन’ यांची सीमा. आपल्या घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेवरचा लेख आपल्याला अनोळखी असलेल्या पारिभाषिक शब्दांआड बसलेला असतो, तो असा.

हे पारिभाषिक शब्द मिळवायचे कोठून? विषयावरील एखादे चांगले पाठ्यपुस्तक, मराठी विश्वकोशातील नोंद किंवा परिभाषाकोश आधी वाचावा. शोधाला बसण्यापूर्वीचा हा एक तास पुढचे कित्येक दिवस वाचवतो.

३. स्थळनामे : एका गावाची अनेक नावे

सीमाभागातील अभ्यासकाची खरी कसोटी स्थळनामांत लागते. बसवकल्याणचे उदाहरण घेऊ. चालुक्यांची राजधानी म्हणून ते ‘कल्याण’ किंवा ‘कल्याणी’, बसवेश्वरांच्या संदर्भातही ‘कल्याण’, निजामाच्या राज्यात ‘कल्याणी जागीर’, आज ‘बसवकल्याण’. आता नुसते ‘कल्याण’ असे टाइप करून पाहा. ठाणे जिल्ह्यातील कल्याण येईल, ‘समाजकल्याण’ येईल, ‘बालकल्याण’ येईल आणि आपले कल्याण त्या गर्दीत कोठेतरी तळाशी असेल. म्हणून ‘कल्याण’बरोबर ‘चालुक्य’, ‘बसवेश्वर’, ‘जागीर’ किंवा ‘बीदर’ यांपैकी एखादा शब्द जोडावा लागतो. कोणता जोडायचा ते आपला विषय कोणत्या शतकातला आहे यावर ठरेल.

हुलसूरची अडचण वेगळी आहे. रोमन लिपीत हे नाव कधी एका ‘यु’ने, तर कधी दोन ‘ओ’ने लिहिलेले आढळते. शिवाय बंगळूरचे अल्सूर, म्हणजेच हलसूरु, अक्षरांनी त्याच्या इतके जवळ आहे की शोधात त्याच्या नोंदी मिसळतात. दुसरे असे की हुलसूर तालुका अलीकडे झाला. त्याआधी तो बसवकल्याण तालुक्याचा भाग होता. त्यामुळे जुन्या जनगणनेत, गॅझेटियरमध्ये किंवा सर्वेक्षणात ‘हुलसूर तालुका’ शोधणे व्यर्थ आहे. लहान गावाचे नाव मिळाले नाही तर त्या काळी ते ज्या मोठ्या घटकात होते त्याचे नाव घ्यावे, हा नियम लक्षात ठेवावा.

या मोठ्या घटकांच्या सीमाही बदलल्या आहेत. १९५६ पूर्वीच्या बीदर जिल्ह्यात उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके होते. राज्यपुनर्रचनेत ते तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आज ते लातूर जिल्ह्यात आहेत. जहीराबाद, नारायणखेड हा भाग आंध्रात गेला आणि आज तो तेलंगणात आहे. म्हणजे १९४० च्या सुमाराच्या निलंग्याविषयी काही हवे असेल तर ‘लातूर’ हा शब्द उपयोगाचा नाही, ‘बीदर’ आणि ‘हैदराबाद संस्थान’ हे शब्द हवेत. इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांचा जन्म १९१० साली निलंग्यात झाला. तेव्हाच्या कागदांत ते गाव बीदर जिल्ह्यातले आहे. याच न्यायाने ‘हैदराबाद कर्नाटक’ हे विभागनाम २०१९ मध्ये ‘कल्याण कर्नाटक’ झाले, तर ‘गुलबर्गा’ २०१४ मध्ये अधिकृतपणे ‘कलबुर्गी’ झाले. यांतले फक्त नवे नाव टाइप केले तर त्या वर्षांपूर्वीचे बहुतेक लेखन सुटते आणि फक्त जुने टाइप केले तर अलीकडचे सुटते. इंग्रजी गॅझेटियरांत हुमनाबादचे स्पेलिंग ‘होमनाबाद’ असे वाचले जाईल अशा धाटणीचे आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे असते की, आपल्या विषयातील प्रत्येक स्थळनामासाठी एक छोटा तक्ता करावा : काळ, तेव्हाचे राज्य, तेव्हाचा जिल्हा, तेव्हाचे नाव आणि रोमनमधील स्पेलिंगे. हा तक्ता प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणातही कामी येतो.

४. व्यक्तींची आणि संप्रदायांची नावे

माणिकप्रभूंचा जन्म १८१७ साली बसवकल्याणजवळच्या लाडवंतीचा आणि समाधी १८६५ साली हुमनाबादजवळच्या माणिकनगरची. त्यांच्याविषयी शोधताना ‘माणिकप्रभू’, ‘माणिक प्रभू’, ‘माणिकप्रभु’ अशी तिन्ही रूपे वापरावी लागतात; यंत्राच्या दृष्टीने ते वेगवेगळे शब्द आहेत. शिवाय ‘सकलमत’ हे संप्रदायनाम आणि ‘माणिकनगर’ हे स्थळनाम या वाटांनीही जावे लागते. पदांच्या संग्रहावर किंवा संस्थानाच्या प्रकाशनावर प्रभूंचे नाव शीर्षकात असेलच असे नाही.

शहा मुंतोजी ब्रह्मणी या संतकवीचे उदाहरण आणखी बोलके आहे. मृत्युंजय या नावानेही तो ओळखला जातो. एका नावाने शोधणाऱ्याला अर्धेच साहित्य मिळते. रा. चिं. ढेरे यांच्या ‘मुसलमान मराठी संतकवी’ या पुस्तकासारख्या ग्रंथात कवीचे नाव शीर्षकात येत नाही आणि तालिकेत प्रकरणांची नोंद नसते. म्हणून व्यक्तिनामाने काही मिळाले नाही तर ती व्यक्ती ज्या वर्गात मोडते त्याचे नाव घ्यावे : ‘मुसलमान संतकवी’, ‘सूफी’, ‘दख्खन’. मिळालेले पुस्तक प्रत्यक्ष उघडून अनुक्रमणिका पाहावी.

संप्रदायनामांत मतभेदही दडलेले असतात. मराठीतील शिवभक्तिपर वाङ्मयाच्या बाबतीत ‘लिंगायत’ आणि ‘वीरशैव’ हे दोन्ही शब्द आढळतात. मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्य’ या ग्रंथावर काम करणाऱ्याने यांतला एकच शब्द घेतला तर एका बाजूचे लेखन त्याला दिसेल आणि दुसऱ्या बाजूचे दिसणार नाही. त्या दोन शब्दांमागच्या वादात आपली भूमिका काहीही असो, शोधताना दोन्ही शब्द घ्यावेत. बसवेश्वरांचे नावही ‘बसव’, ‘बसवण्णा’, ‘बसवेश्वर’ अशा तीन रूपांत शोधावे.

५. मराठी लेखनातून उद्भवणाऱ्या अडचणी

इंग्रजी डेटाबेसवरील मार्गदर्शिकांत न सापडणाऱ्या काही अडचणी मराठीपुरत्या आहेत.

पहिली शुद्धलेखनाची. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये स्वीकारले गेले. त्यानंतर ‘कवि’चे ‘कवी’ झाले, ‘प्रभु’चे ‘प्रभू’ झाले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. पण १९६२ पूर्वीच्या पुस्तकांची शीर्षके तालिकेत मूळ रूपातच असतात. म्हणून जुन्या पुस्तकासाठी ‘कवि’, ‘नांव’, ‘इतिहासांतील’ अशी रूपेही घालून पाहावीत.

दुसरी सामान्यरूपाची. मराठी शब्दाला प्रत्यय लागताना शब्दाचे अंग बदलते. ‘मराठवाडा’ शोधले तर ‘मराठवाड्यातील’ मिळेलच असे नाही. यासाठी अनेक डेटाबेसमध्ये तारकाचिन्ह वापरता येते : ‘मराठवाड*’ असे लिहिले की त्या अक्षरांनी सुरू होणारे सर्व शब्द येतात. पण शब्द कोठे तोडायचा याचे भान हवे. ‘संत*’ लिहिले तर ‘संतांचे’, ‘संतवाङ्मय’ यांबरोबर ‘संताप’, ‘संतती’ आणि ‘संतुलन’ही येतील. आणि ‘देऊळ–देवळे’, ‘पाऊस–पावसाळी’ अशा शब्दांत अंगच बदलत असल्याने तारका पुरत नाही. दोन्ही रूपे लिहावी लागतात.

तिसरी जोडून किंवा तोडून लिहिण्याची. ‘लोकसाहित्य’ आणि ‘लोक साहित्य’, ‘सीमाभाग’ आणि ‘सीमा भाग’ हे यंत्राला वेगळे वाटतात.

चौथी रोमन लिप्यंतराची. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्ली कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके खरेदी करून तिकडच्या ग्रंथालयांना पुरवत आले आहे. त्यामुळे इकडे दुर्मीळ झालेले मराठी पुस्तक कधी कधी तिकडच्या तालिकेत सापडते. पण तेथील लिप्यंतराची पद्धत आपल्या सवयीची नाही. तीत व्यंजनातला ‘अ’ उच्चारात नसला तरी लिहिला जातो. ‘संत’ या शब्दाच्या शेवटी ‘ए’ हे अक्षर येते. ‘लोकसाहित्य’ लिहिताना ‘के’नंतरही ‘ए’ येतो. ‘च’साठी ‘सी-एच’ न लिहिता नुसता ‘सी’ लिहितात. म्हणून ‘चरित्र’ हा शब्द ‘सी-ए-आर’ असा सुरू होतो. ‘वीरशैव’ शब्दात दोन ‘ई’ नसतात आणि ‘श’साठी ‘एच’ही नसतो. ही चार-पाच सूत्रे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली तर वर्ल्डकॅटसारख्या जागतिक तालिकेत मराठी पुस्तके सापडू लागतात.

पाचवी जुन्या फॉन्टची. युनिकोड रुळण्यापूर्वी टाइप केलेले अनेक प्रबंध पडद्यावर देवनागरी दिसतात, पण त्यांच्या आतली अक्षरे यंत्राला मराठी म्हणून वाचता येत नाहीत. अशा प्रबंधाच्या मजकुरात शोध चालत नाही. शीर्षक, लेखक, मार्गदर्शक आणि विभाग यांवरूनच त्याच्यापर्यंत पोहोचता येते.

६. ‘आणि’, ‘किंवा’, ‘वगळून’

वरील विद्यार्थिनीच्या तक्त्यात स्थळाचे सहा, भाषेचे तीन आणि संबंधाचे पाच शब्द होते. प्रत्येकी एक घेऊन जोड्या केल्या तर नव्वद शोध घ्यावे लागतील. हे श्रम वाचवण्यासाठी तीन जोडशब्द आहेत : अँड, ऑर आणि नॉट. बहुतेक डेटाबेसमध्ये ते इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायचे असतात.

एकाच संकल्पनेचे पर्यायी शब्द ‘ऑर’ने जोडून कंसात ठेवायचे आणि वेगवेगळ्या संकल्पना ‘अँड’ने जोडायच्या :

(बीदर ऑर बिदर ऑर बसवकल्याण ऑर सीमाभाग) अँड (मराठी ऑर बोली) अँड (कन्नड ऑर कानडी)

‘ऑर’ने नोंदी वाढतात, ‘अँड’ने कमी होतात. काहीच मिळत नसेल तर एखादी ‘अँड’ची संकल्पना काढून टाकावी, फार मिळत असेल तर एखादी वाढवावी. दोन शब्द सलग आणि त्याच क्रमाने हवे असतील, उदाहरणार्थ ‘हैदराबाद कर्नाटक’, तर ते अवतरणचिन्हांत घालावेत. नाही तर हैदराबादवरची आणि कर्नाटकवरची सगळी पुस्तके येतील. ‘कानडी’ हा शब्द मुद्दाम घेतला आहे. जुन्या मराठी लेखनात ‘कन्नड’पेक्षा तोच अधिक आढळतो.

‘नॉट’ जपून वापरावा. ‘कल्याण नॉट ठाणे’ असे लिहिले तर ठाण्याचे कल्याण जाईल हे खरे. पण दोन्ही कल्याणांची तुलना करणारा लेखही जाईल, आणि तो आपल्या दृष्टीस पडला नाही हे आपल्याला कधीच कळणार नाही. नको असलेल्या नोंदी डोळ्यांखालून घालून सोडून देणे अधिक सुरक्षित.

७. विषयशीर्षक आणि वर्गांक

बीजशब्द हा लेखकाचा किंवा शोधणाऱ्याचा शब्द असतो. विषयशीर्षक हा ग्रंथपालाचा ठरावीक शब्द असतो. लेखकांनी एकाच विषयाला दहा नावे दिली तरी ग्रंथपाल त्या सर्वांना एकाच शीर्षकाखाली आणतो. मोठ्या ग्रंथालयांत, मराठीत आलेल्या परभाषिक शब्दांवरील पुस्तके ‘मराठी भाषा – परकीय शब्द व वाक्प्रयोग’ अशा अर्थाच्या इंग्रजी शीर्षकाखाली असतात. हे शीर्षक आपल्याला आपणहून सुचणार नाही. ते मिळवण्याची सोपी रीत अशी : आपल्या विषयावरचे एक तरी चांगले पुस्तक शोधून काढावे, त्याची पूर्ण नोंद उघडावी आणि तिच्यातील विषयशीर्षकावर क्लिक करावे. त्या शीर्षकाखालची सगळी पुस्तके समोर येतात. मग त्यांतल्या नव्या शब्दांनी पुन्हा शोध घ्यावा.

दुसरी वाट वर्गांकाची. ड्युई दशांश पद्धतीत मराठी भाषेचा वर्गांक ४९१.४६ आणि मराठी साहित्याचा ८९१.४६ आहे, कन्नड भाषेचा ४९४.८१४ आणि कन्नड साहित्याचा ८९४.८१४. वर्गांकाला ऱ्हस्व-दीर्घ नाही आणि लिप्यंतरही नाही, म्हणून तालिकेत वर्गांकाने शोधण्याची सोय असेल तर ती जरूर वापरावी. फक्त एक लक्षात घ्यावे. मराठी–कन्नड संबंधांवरचे पुस्तक मराठीच्या कपाटात असेल की कन्नडच्या, हे त्या ग्रंथपालाच्या निर्णयावर असते. आपल्या विषयाला दोन्ही कपाटे पाहणे भाग आहे.

८. कोठे शोधावे

शब्दांची तयारी झाली की जागा निवडावी. प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे पहिले ठिकाण. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने प्रबंधाची डिजिटल प्रत देणे बंधनकारक केले. त्याआधीचे सर्व प्रबंध तेथे असतीलच असे नाही. शोधगंगेवर मराठी प्रबंधाचे शीर्षक कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये, तर कधी इंग्रजी भाषांतरात असते. म्हणून तिन्ही रूपांत शोधावे आणि शेवटी विद्यापीठ व विभाग निवडून यादी सरळ वाचून काढावी. आपल्या भागाचे काम एकाच विद्यापीठात झालेले नाही. हैदराबादचे उस्मानिया (१९१८), धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ (१९४९), औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठ (१९५८), कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ (१९६२), गुलबर्गा विद्यापीठ (१९८०) आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (१९९४) अशी सहा ठिकाणे तरी पाहावीत. मराठी विभागाबरोबर कन्नड, उर्दू, इतिहास आणि समाजशास्त्र विभागांच्या याद्याही वाचाव्यात.

पुस्तकांसाठी खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि इंटरनेट अर्काइव्ह ही ठिकाणे आहेत; महाविद्यालयांना इंग्रजी नियतकालिकांसाठी ‘एन-लिस्ट’ची सोय आहे. जुन्या मराठी ग्रंथांसाठी मात्र शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आजही हाताशी हवी. तिचे दोन भाग १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या काळातील पुस्तकांची नोंद देतात. त्या काळी एखाद्या विषयाला काय म्हणत, हे दाते यांच्या सूचीची पाने उलटताना कळते. तो जुना शब्द घेऊन पुन्हा संगणकाकडे वळावे.

आपल्या महाविद्यालयांत एक सोय आहे, तिचा उपयोग आपण कमी करतो. शेजारच्या टेबलावर कन्नड विभागाचे सहकारी असतात, पलीकडे उर्दू जाणणारे कोणी असते. आपले पाच बीजशब्द त्यांच्याकडून त्यांच्या लिपीत लिहून घ्यायला दहा मिनिटे लागतात. त्या दहा मिनिटांनी आपल्याच गावावरील कन्नड प्रबंध आणि आपल्याच जागिरीवरील उर्दू कागद दिसू लागतात.

घेतलेल्या प्रत्येक शोधाची नोंद वहीत ठेवावी : तारीख, डेटाबेस, वापरलेले शब्द, मिळालेल्या नोंदी. ही वही असेल तर आराखड्यातले ते नेहमीचे वाक्य बदलते. ‘संशोधन झालेले नाही’ असे न लिहिता, ‘अमुक डेटाबेसमध्ये, अमुक बीजशब्दांनी, अमुक तारखेपर्यंत शोध घेतला असता स्वतंत्र प्रबंध आढळला नाही’ असे लिहिता येते. हे वाक्य तपासता येते, म्हणून ते शास्त्रशुद्ध आहे.

९. आपले बीजशब्द

शेवटची गोष्ट शोधणाऱ्याकडून लिहिणाऱ्याकडे वळते. लेखाखाली किंवा प्रबंधाच्या सारांशाखाली पाच-सहा बीजशब्द द्यायचे असतात. आपण ते शेवटच्या दिवशी घाईत लिहितो : ‘साहित्य, समाज, संस्कृती, परंपरा’. या शब्दांनी आपला लेख लाखो लेखांत हरवतो. त्याऐवजी गावाचे आजचे आणि जुने नाव, जिल्हा, काळ, बोलीचे किंवा संप्रदायाचे नाव आणि एक पारिभाषिक संज्ञा द्यावी. त्यांची इंग्रजी रूपेही द्यावीत. शीर्षकात अलंकारिक शब्द घातला असेल तर उपशीर्षकात स्थळ आणि विषय स्पष्ट लिहावा. मजकूर युनिकोडमध्येच असावा.

सीमाभागातील मराठी लेखन आधीच थोडे आहे आणि तीन राज्यांच्या ग्रंथालयांत विखुरलेले आहे. त्यातला एखादा प्रबंध चुकीच्या बीजशब्दांमुळे दिसेनासा झाला तर वीस वर्षांनी हुलसूरचाच एखादा विद्यार्थी पुन्हा लिहील, ‘या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही’, आणि तेच काम पहिल्यापासून करील. त्याचे ते श्रम वाचवणे आज लिहिणाऱ्यांच्या हातात आहे.

स्वाध्याय

१. आपल्या गावाच्या नावाची देवनागरी आणि रोमन लिपींतील सर्व रूपे लिहा. १९४८ पूर्वी, १९५६ नंतर आणि आज ते गाव कोणत्या राज्यात व जिल्ह्यात होते किंवा आहे याचा तक्ता करा.

२. ‘सीमाभागातील स्त्रियांची जात्यावरची गाणी’ या विषयातील संकल्पना सुट्या करा. प्रत्येकीसाठी किमान चार पर्यायी शब्द द्या. (‘ओवी’, ‘जात्यावरच्या ओव्या’, ‘लोकगीत’, ‘मौखिक परंपरा’ यांचा विचार करा.)

३. वरील शब्द ‘अँड’ आणि ‘ऑर’ने जोडून एक शोधवाक्य तयार करा. ते दोन वेगवेगळ्या डेटाबेसमध्ये वापरून मिळालेल्या फरकाची नोंद वहीत करा.

४. आपण पूर्वी लिहिलेला एखादा लेख घ्या. त्यासाठी सहा बीजशब्द नव्याने निवडा आणि प्रत्येक शब्द का निवडला ते एका वाक्यात सांगा.